अन्याय, दोनशे शब्दांत

"ही तुझीच ना गं?" असं म्हणत पॉलिशवालीनं तिचा मोबाइल माझ्या नाकासमोर धरला, तेव्हा माझ्या हातात कुण्या अनोळखी माणसाचा खालचा जबडा होता. प्लास्टरचा. आमची दातांची लॅब आहे. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो आणि त्या साच्यावर कवळ्या, कॅप, जे काय हवं असेल ते बनवतो. मी मेणात दात बसवते. शेजारच्या टेबलावरची बाई तयार कवळ्या घासूनपुसून चकचकीत करते, म्हणून तिला सगळे पॉलिशवाली म्हणतात. तिला दिवसभर मोबाइलवर काहीतरी बघत काम करायची खोड आहे आणि मला तिच्याकडे दुर्लक्ष करायची. पण पडद्यावर खरंच बबडी होती. माझी मुलगी. मागे निळा पडदा, गळ्यात ओळखपत्र, केस मोकळे सोडलेले, आणि चेहऱ्यावर असा काही भाव की तो मी सोळा वर्षांत कधी पाहिला नव्हता. खाली अक्षरांची पट्टी सरकत होती: 'युवा सल्लागार. तिचा आवाज. तिची गोष्ट.' बबडी शांतपणे सांगत होती, "माझ्या परीक्षेच्या दिवशी माझ्या आईनं मला अडगळीच्या खोलीत कोंडलं. सकाळी सात ते दुपारी दोन." मग ती थांबली. मुद्दाम थांबली, हे मला कळलं, कारण बबडी घरी बोलताना श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही. "मला लघवीला लागली होती. मी खूप वेळ धरून ठेवली. तिथे एक दुधाचं पातेलं होतं." पॉलिशवालीनं माझ्याकडे पाहिलं. "अगंबाई," ती म्हणाली, "तू असं केलंस?" मी म्हटलं, "ते काटछाट केलेलं असतं गं सगळं." आणि जबडा खाली ठेवला. दोन दात मेणातून निखळून टेबलाखाली गेले, ते शोधायला वाकले आणि तिथेच थोडा वेळ वाकून राहिले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बबडीला कुणी, कधी, कुठेही कोंडलेलं नाही. तिला स्वतःची खोली आहे, आणि आमच्या घरात दार लावून घ्यायचा हक्क फक्त तिलाच आहे. आम्ही नवराबायको बाहेरून टकटक करतो आणि आत यायची परवानगी मागतो. परीक्षेच्या दिवशी तिचा बाप रजा टाकून तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडतो आणि पेपर सुटेपर्यंत तिथेच उभा राहतो. कोंडलं होतं मला. माझ्या आईनं. बबडीनं फक्त सगळ्यांना एकेक जागा पुढे सरकवलं होतं: माझ्या जागी ती बसली, आणि माझ्या आईच्या जागी मी.

त्या दुपारी लॅबमधला रोजचा वास मला सोसेना. कवळीचं गुलाबी प्लास्टिक भिजवायचा एक पातळ पदार्थ असतो, त्याचा गोडसर, डोक्यात चढणारा वास. इतकी वर्षं तो नाकाला लागतही नव्हता. आता माझ्यासमोर ओळीनं मांडलेले जबडे, प्रत्येकावर चिकटवलेली पेशंटच्या नंबरची चिठ्ठी, सगळी उघडी तोंडं. प्रत्येक तोंड काहीतरी सांगायला टपलेलं आहे असं वाटून मला शिसारी आली. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. ओकारी मात्र झाली नाही, झाली असती तर बरं वाटलं असतं. मला राग नव्हता आला. रागाचं मला काही वाटत नाही, राग येतो आणि जातो, त्याला एक टोक असतं. ही किळस होती, आणि ती कशाची आहे ते नीट ठरत नव्हतं. बबडीची होती का? तिच्या त्या थांबण्याची? का त्या पातेल्याची? अडीच हजार माणसांनी त्या पातेल्याला हृदयाची खूण केली होती, पॉलिशवालीनं तेवढं वाचून दाखवलं.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. शाळेच्या शेवटच्या परीक्षेतला गणिताचा पेपर होता आणि गणित माझं फार चांगलं होतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही, आता त्याचा काय उपयोग. आई घरी शिवणकाम करायची, शर्टांच्या कॉलरी, गठ्ठ्यानं. मी शाळेतून आले की काजं करायची, बटणं लावायची. पास झाले असते तर पुढं शिकायला दुसऱ्या गावी जाणार होते, तसं बाईंनी घरी येऊन सांगितलं होतं. आईनं बाईंना चहा दिला आणि हो हो म्हणाली. पेपरच्या दिवशी मी सकाळी सातलाच गणवेश घालून, वेणी घालून, पट्टी-कंपास घेऊन तयार झाले. तेव्हा आई म्हणाली, "वरच्या फळीवरून दोऱ्यांचा डबा काढून दे जरा." मी अडगळीच्या खोलीत गेले. मागे कडी लागली. मला वाटलं, चुकून लागली. मी हसून म्हटलं, "आई, कडी लागली बघ." तेवढ्यात बाहेर शिलाईमशीन सुरू झालं. ते हसणं आठवलं की आजही माझे कान तापतात. मी ओरडले, रडले, दार लाथाडलं, हे सगळं कुणीही करील. पण आधी हसले होते, ते बबडीच्या व्हिडिओत नव्हतं. ते मी तिलाही सांगितलेलं नाही. दोन वाजता कडी निघाली. पेपर दीडलाच सुटला होता. आई म्हणाली, "जेवायला चल." वडील ताटात बघत जेवत राहिले. आईनं आतलं पातेलं उचलून नेलं, राखेनं तीनतीनदा घासलं, उन्हात पालथं घातलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातच दूध तापवलं. सगळे प्यायले. मी त्या दिवसापासून दूध पीत नाही. लोकांना सांगते, पचत नाही.

याच्यावर आमच्यात पुन्हा शब्दही निघाला नाही. लग्न झालं, दातांचं काम शिकले, बबडी झाली, आईनं बबडीला मांडीवर घेऊन तेल लावलं, त्याच हातांनी. चार वर्षांपूर्वी ती गेली. शेवटचे अकरा दिवस दवाखान्यात होती आणि मी रजा काढून उशाशी बसून होते. सगळ्यांना वाटलं, काय लेक आहे. मी वाट बघत होते. एक वाक्य. चुकलं म्हण, नको म्हणू, नुसतं 'तुझा तो पेपर' एवढं म्हण, पुढचं मी माझं लावून घेईन. अकराव्या दिवशी तिनं डोळे उघडून माझ्याकडे नीट पाहिलं, ओठ हलवले, मी कान जवळ नेला. "पंखा कमी कर," ती म्हणाली. मी पंखा कमी केला.

ही गोष्ट मी जन्मात एकदाच सांगितली. बबडी बारा वर्षांची होती. शाळेत बाकावर डाग पडला, पोरं हसली, आणि ती भर दुपारी घरी येऊन जी बाथरूममध्ये शिरली ती बाहेर यायलाच तयार नाही. मी बाहेर फरशीवर बसले. समजावलं, रागावले, पुन्हा समजावलं, आतून फक्त नळाचा आवाज. मग माझ्या तोंडून कसं कुणास ठाऊक ते निघालं. दाराला पाठ टेकून मी तिला सगळं सांगितलं. डबा, कडी, मशीन, पातेलं. नळ बंद झाला. "पातेल्यात?" आतून आवाज आला, "ईऽऽ, आई!" आणि ती हसत हसत दार उघडून बाहेर आली, आणि मग माझ्या गळ्यात पडून रडली. त्या दिवशी मला वाटलं होतं की त्या सात तासांचं शेवटी काहीतरी सार्थक झालं. एका मुलीला बाथरूममधून बाहेर काढण्यापुरतं झालं, पण झालं. तेव्हा मी खूश होते. आता ते आठवलं की माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

घरी गेले तर नवरा पाण्याच्या मीटरचे तक्ते टेबलावर पसरून बसला होता. तो पाणीपुरवठ्यात आहे, घरी काम आणू नये असं त्याला कुणी कधी सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "तू तो व्हिडिओ बघितलास?" तो म्हणाला, "परवा. तिनंच दाखवला. मला फुकटात गप्प बसवलंय बघ त्यात, 'बाबा काहीच बोलले नाहीत' म्हणे. म्हटलं, निदान एवढं तरी खरं आहे." स्वतःच्याच विनोदावर तो हसला. मी हसले नाही म्हटल्यावर चष्मा काढून म्हणाला, "अगं पोर आहे. मोठमोठ्या लोकांत बसते, जरा तिखटमीठ लावणारच. तुला सांगणार होतो, पण म्हटलं, तुमचं मायलेकींचं तुम्ही बघाल." तुमचं तुम्ही बघाल. माझा बापही ताटात बघताना हेच म्हणत असणार. तो चांगला माणूस आहे, माझा नवरा, आणि त्या क्षणी मला त्याच्या त्या चांगुलपणाचा, पुसून पुसून मऊ झालेल्या चष्म्याच्या फडक्याचासुद्धा वीट आला.

बबडी प्रशिक्षणाहून आली. संस्थेचं चिन्ह असलेली पिशवी, संस्थेचं चिन्ह असलेली पाण्याची बाटली. ही संस्था मोठी आहे, बऱ्याच देशांत पसरलेली. तिनं नऊ देशांतल्या अकरा मुलींचं एक सल्लागार मंडळ केलंय. मुलींच्या प्रश्नांवर मोठ्यांनी निर्णय घेण्याआधी मुलींनाच विचारायचं, अशी कल्पना. बबडीची निवड झाली तेव्हा मी लॅबमध्ये सगळ्यांचं तोंड गोड केलं होतं. मी अभिमानानं फुगले होते, ते नाकारत नाही.

"पातेलं कुणाचं होतं?" मी विचारलं.

तिनं बाटली खाली ठेवली. "तू बघितलास. आई, मी तुला सांगणारच होते, पण तुझा मूड..."

"कोंडलं कुणाला होतं?"

"तुला. मला माहितीये ना. ओरडू नकोस." ती पलंगावर पाय वर घेऊन बसली. "फॉर्मवर होतं, 'तुमच्यावर झालेला अन्याय, दोनशे शब्दांत'. मी तीन दिवस बसले गं. माझ्यावर काहीच झालेलं नाही." हे ती इतक्या दुःखानं म्हणाली की एरवी मला हसू फुटलं असतं. "मग मी तुझी गोष्ट लिहिली. तुझी म्हणूनच लिहिली, शप्पथ. संस्थेतल्या ताईंनी परत पाठवली. म्हणाल्या, सल्लागार तू आहेस की तुझी आई? तुझ्या तोंडून 'मी' आलं पाहिजे. मग मी फक्त तेवढं बदललं."

"तेवढं."

"आणि पातेलं मी काढणार होते. ताई म्हणाल्या राहू दे, तिथेच लोक हेलावतात."

मी म्हटलं, "मी ते तुला बाथरूमच्या दाराशी बसून सांगितलं होतं, बबडे. तू बाहेर यावीस म्हणून." तिचे डोळे भरले. खरे भरले, मला तिचं रडणं कळतं. ती म्हणाली, "म्हणूनच तर मला ते विसरता येत नाही. तुला माहितीये आम्ही संस्थेच्या नियमांसाठी काय लिहिलंय? 'एक तास' नाव आहे त्याचं. परीक्षेला मुलगी आली नाही, तर तासाच्या आत शाळेचा माणूस तिच्या घरी जाऊन दार वाजवणार. विचारणार, मुलगी कुठे आहे, मला दाखवा. चारशे शाळा आहेत संस्थेच्या. पुढच्या परीक्षेपासून लागू होईल. हे कुठून सुचलं? तुझ्यावरून सुचलं. बाकीच्या मुली दिवे लावा, संगणक द्या, असलं सांगत होत्या. शनिवारी बाहेरचे पाहुणे येतायत, मंजुरी तेच देणार. ते आमच्या पालकांशीही बोलणार आहेत. तू जर म्हणालीस की हे खोटं आहे, तर मी बाहेर आणि 'एक तास' पण बाहेर. खोट्या मुलीचं कलम कोण ठेवील?" मी तिची बाटली उचलून पिशवीत ठेवली. त्यात तिला आशा दिसली, कारण ती पुढे सरकून म्हणाली, "मला काही झालेलं नाही म्हणून माझं कुणी ऐकत नाही, आई. जिला झालंय तिलाच माइक देतात." मी विचारलं, "मग तुला कुणी कोंडलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटतं का तुला?" तिनं लगेच नाही म्हणायला हवं होतं. तिनं विचार केला. भिंतीकडे बघत, नखं कुरतडत, प्रामाणिकपणे विचार केला, आणि मला ते बघवेना म्हणून मी स्वयंपाकघरात निघून गेले.

शनिवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. एका कवळीचे सगळे दात मी उलटे बसवले, डावे उजवीकडे, आणि पॉलिशवालीनं ते झाकून नेलं. ती आता माझ्याशी फार जपून बोलायची. समन्वयक बाईंचा फोन आला, त्याच त्या ताई, पोरींच्या. आवाज असा की पोटातलं सगळं काढून द्यावंसं वाटावं. "पालकांचा प्रवास हा आमच्यासाठी महत्त्वाचा भाग आहे," त्या म्हणाल्या. "कठोर पालक ते साथीदार पालक. तुम्ही फक्त मनापासून बोला." मी म्हटलं, "ती गोष्ट तिची नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पहिला कागद तुमच्याकडेच आला होता." पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज. "गोष्ट कुटुंबाची असते," त्या म्हणाल्या. "आम्ही पिढ्यापिढ्यांत भिंती घालत नाही." मी फोन ठेवला आणि कान साबणानं धुतला. हे वेडेपणाचं होतं, पण धुतला. त्या बाईला माझ्या पातेल्याचा हिशेब बरोबर कळला होता: कुठे थांबायचं, किती थांबायचं, लोक कुठे हेलावतात. इतक्या वर्षांत मला ते कळलं नव्हतं. मी ते आपलं लाजेच्या खाली दाबून बसले होते.

मी ठरवलं की खरं सांगायचं. वाक्यही तयार केलं: कोंडलं होतं ते मला, हिला नाही. एवढंच म्हणायचं आणि खाली बसायचं. शनिवारी मी साधी साडी नेसले, डोकं दुखत होतं म्हणून केस घट्ट बांधले, आणि बबडीच्या बापाला घरीच राहा म्हटलं. संस्थेचं सभागृह तिसऱ्या मजल्यावर. भिंतींवर छताला टेकतील एवढे मुलींचे फोटो, सगळ्या दूर कुठेतरी बघणाऱ्या, एकीचेही दात दिसत नव्हते. खाली मऊ गाद्यांच्या खुर्च्या, रंगीत चिठ्ठ्या, खोकीच्या खोकी बिस्किटं. कोपऱ्यात समन्वयक बाई एका किडकिडीत मुलीची तयारी करून घेत होत्या. ती मुलगी म्हणायची, "आणि मग काकांनी दार लावलं," आणि बाई बोट वर करून म्हणायच्या, "इथे थांब. तीन मोज. घाई नको." मुलगी ओठ हलवून तीन मोजायची. तिची गोष्ट खरी होती का खोटी, मला कळायला मार्ग नव्हता. खरी असणार. खरी असली तर आणखीच वाईट. पोर पुन्हा पुन्हा तेच वाक्य म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी ते जास्त चांगलं होत होतं. बबडी लांबून माझ्याकडे बघत होती, तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता, आणि तिनं हात जोडले. सगळ्यांच्या देखत नव्हे, खाली, पोटाशी धरून, कुणाला दिसणार नाहीत असे.

पाहुणे पाच होते. कानाला यंत्रं लावून बसले होते, काचेच्या पेटीत बसलेला दुभाषी आमचं बोलणं त्यांना आणि त्यांचं आम्हाला सांगत होता. त्यांच्यात एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. मी मनातल्या मनात त्यांना आधीच नावं ठेवून तयार होते, पण त्यांचा चेहरा खरोखर चांगला होता. माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी बबडीचं बोलणं ऐकताना एकदाही मान डोलावली नाही, लिहून घेतलं नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता विचारतील, तुम्हाला पश्चात्ताप होतो का, तुमच्यात बदल कसा झाला. माझं वाक्य जिभेवर होतं. त्या म्हणाल्या, आणि दुभाष्याच्या आवाजात ते माझ्या कानात आलं, "त्या सात तासांत तुम्ही दाराच्या बाहेर काय करत होतात?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी मात्र आईला मनातल्या मनात दुसरं काही विचारलंच नव्हतं. आत बसून, लग्नात, बाळंतपणात, दवाखान्यात उशाशी बसून, हेच: तू बाहेर काय करत होतीस? मशीन चालत होतं, ते मला माहीत होतं. पण तुझं, तुझं काय चाललं होतं? समोरच्या फळ्यावर अकरा मुलींच्या अक्षरात 'एक तास' लिहिलेलं होतं, एकीनं बाजूला वेडंवाकडं दार काढलं होतं. मी हिशेब केला. पेपर साडेदहाला होता. साडेअकराच्या आत कुणीतरी दार वाजवलं असतं. आईला मशीन थांबवावं लागलं असतं. मुलगी कुठे आहे, मला दाखवा. पेपर बुडालाच असता म्हणा, पण पातेलं तरी टळलं असतं. मी उभी राहिले. समन्वयक बाईंनी माइक पुढे केला.

"शिवत होते," मी म्हटलं. "तेव्हा मी घरी कॉलरी शिवायचे. मशीन मुद्दाम चालू ठेवलं होतं, आतला आवाज येऊ नये म्हणून. पण येत होता. त्या दिवशी एकही कॉलर सरळ आली नाही, सगळ्या उसवाव्या लागल्या." हे कुठून आलं, मला माहीत नाही. माझ्या आईच्या कॉलरी त्या दिवशी सरळ आल्या का वाकड्या, मी काही बघायला गेले नव्हते. "दोनदा मी कडीपर्यंत गेले. हात वर केला आणि परत आले. मला भीती वाटली की ही गेली की परत येणार नाही. ही माझ्यापेक्षा हुशार होती आणि ते मला सोसत नव्हतं." मग मी बबडीकडे वळले. "माझं चुकलं गं," मी म्हटलं. "तुझा पेपर होता. तू वेणी घालून तयार झाली होतीस. तू हसलीस, तुला वाटलं चुकून कडी लागली. ते मी ऐकलं होतं. मी ऐकलं आणि मशीन सुरू केलं. मला माफ कर." माझा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आणि मी एका जागी थांबले सुद्धा, जिथे थांबायला हवं होतं बरोबर तिथे. कुणी शिकवलं नव्हतं. सभागृहात टाळ्या झाल्या. पांढऱ्या केसांच्या बाईंनी यंत्र काढून डोळे टिपले. आणि सगळ्यात घाण गोष्ट अशी की मला बरं वाटत होतं. जे वाक्य ऐकायला मी अकरा दिवस दवाखान्यात बसले, ते मला माझ्याच तोंडून ऐकायला मिळालं होतं, आणि ते इतकं गोड लागलं की अजून बोलावंसं वाटत होतं. कुणीतरी पाठ थोपटली. समन्वयक बाई पाहुण्यांना काहीतरी हळू आवाजात सांगत होत्या आणि त्या पाचातले चार माना हलवत होते. 'एक तास' मंजूर झाला हे तिथेच, उभ्या उभ्या कळलं.

मी बाहेर जिन्यापाशी आले. तिथे पाण्याचं यंत्र होतं. एक पेला प्यायले, दुसरा ओतून दिला. मागून बबडी धावत आली आणि तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला. तिचे तळवे घामानं भिजले होते, नाक लाल झालेलं, खोटं त्यात काहीही नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "तू आधी हसली होतीस, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

"आणि आजी खरंच असं म्हणाली तुला? चुकलं म्हणून? मरायच्या आधी?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही म्हणाली."

"कधीच?"

"जेवायला चल म्हणाली. बाकी काही नाही."

तिनं माझा हात आणखी घट्ट दाबला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैलावलं, इतके दिवस छातीवर असलेलं ओझं उतरावं तसं, आणि डोळे पुसत, अगदी मनापासून, ती म्हणाली, "मग बरं झालं. म्हणजे माफीचा भाग तरी कुणाचा उचललेला नाही, आपला स्वतःचा आहे."

तिचा तो ओला, गरम हात सोडवून घ्यावासा वाटत होता. मी सोडला नाही.